मगर सोडून बोला

बडोद्याच्या माणसाला पुराबद्दल विचारा, दुसऱ्या वाक्यात मगर येते. ऑगस्ट २०२४ मध्ये आमची मगरींची नदी विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, त्याची आमच्या घरची गोष्टही तशीच. बंद लिफ्ट, गच्चीवर सिलेंडर चढवून केलेली खिचडी आणि शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमधली मगर. इतक्यांदा सांगून झालीय की लोक कुठे हसणार तेही मला पाठ आहे.

गेल्या मे महिन्यात श्रीवर्धनला आत्याकडे सांगितली. सगळे हसले. आत्या नारळ खवत होती, तिने मान वर न करताच विचारलं, "पाणी आधी कुठून आलं गं? आणि सामान उचलायला वेळ किती मिळाला?"

मला सांगता येईना. तीन दिवस पाण्याने वेढलेल्या घरात काढून एवढं साधं मला माहीत नव्हतं!

आत्याच्या सासरी एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या चालत आलीय. नवी सून आमटीत नेहमीच्या अंदाजाने मीठ घालते, आमटी खारट. सासू बोलते. दुसऱ्या दिवशी बिचारी मीठ निम्म्यावर आणते, तरी खारट. तिसऱ्या दिवशी सासरे स्वतः खाडीकडच्या विहिरीवर जातात, ओंजळभर पाणी चाखतात, तर मचूळ! मुलं ही गोष्ट पुन्हा पुन्हा मागतात, सासूचा आवाज काढायला त्यांना आवडतं. पण त्या हसण्याखाली सगळं नोंदलेलं आहे. विहीर कोणती, महिना वैशाखाचा, उपसा किती चालला होता, आणि मग नवी विहीर डोंगराच्या अंगाला का खणली. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, वरचं जास्त उपसलं की खालचं चढतं. समुद्र वाढतोय तसं हे आणखी आत सरकणार. दोन वर्षांपूर्वी वाडीत बोअर मारायचं ठरत होतं तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अरे, ती आमटीची विहीर तिथेच ना?" जागा बदलली.

इंडोनेशियात सिमेउलुए नावाचं बेट आहे. १९०७ मध्ये तिथे त्सुनामीने माणसं नेली. मागे राहिलेल्यांनी त्या लाटेला 'स्मोंग' म्हटलं आणि तिला गाण्यांत, अंगाईत बसवलं. जमीन जोरात हलली, मग समुद्र मागे हटला, तर डोंगराकडे पळा. बस, एवढंच. २६ डिसेंबर २००४ ला भूकंपाचं केंद्र या बेटाच्या जवळच होतं. सुमारे ७८,००० वस्तीतली सात माणसं गेली. त्याच आचे प्रांताच्या मुख्य भूमीवर दीड लाखाहून जास्त. अंगाईच्या शेवटी पाय कुठे वळवायचे ते सांगितलेलं होतं. आमच्या गोष्टीच्या शेवटी मगर असते.

गोष्टींवर डोळे मिटून विसंबा असं मात्र मी म्हणत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ थेट आत्याच्याच किनाऱ्यावर आलं, तेव्हा तिच्याकडे वाऱ्याची गोष्टच नव्हती. 'वादळं वर गुजरातकडे जातात' एवढंच लहानपणापासून ऐकलेलं. एका दुपारी पोफळी आडव्या. आणि आपल्या बडोद्यात? २०१९ ला एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस पडला, तेव्हा आमच्या इमारतीची पायरी भिजली नव्हती. त्या भरवशावर २०२४ ला खालच्या मजल्यावर एकानेही कपाट हलवलं नाही. मागच्या पुराची गोष्ट कधीकधी पाण्याला 'इथवरच हं' असं बजावते. पाणी कुठलं ऐकतंय!

म्हणून किनाऱ्याचे आराखडे करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की रंगीत नकाशा जरा नंतर उघडा. पाणी कुठवर येईल याची लाल रेघ दाखवलीत की माणसं नुसती मान डोलावतात. आधी विचारा, तुमच्या लहानपणी होड्या कुठवर ओढायचे? सुरूच्या किती रांगा होत्या, आता किती उरल्या? पन्नाशीची कोळीण हे तिथे उभं राहून पावलांनी मोजून दाखवेल. मग तिची पावलं आणि तुमची रेघ शेजारी ठेवा. दोन्ही जुळली नाहीत तर खरी बैठक तिथून सुरू होईल.

विश्वामित्रीही शेवटी ढाढरला मिळून खंभातच्या आखातातच जाते, तेव्हा मी घरापासून सुरुवात केलीय. सोसायटीत प्रत्येकाला आत्याचेच दोन प्रश्न विचारतेय. मगर बाद. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, पाणी गेटातून आलंच नाही आधी. रस्ता कोरडा होता आणि मोरीतून बुडबुडे यायला लागले, बालदी पालथी घातली तर बालदीच उचलली गेली.

"किती वाजता?" मी वही काढली.

"ते काही पाहिलं नाही बाई. पण साडेआठची मालिका लागायची होती अजून, आणि ती संपायच्या आत गादी भिजली होती."