पोटगीची पुन्हा पुढची तारीख

संताप येतो नुसता! माझी बहीण सोलापुरात विड्या वळून दोन लेकरं सांभाळते. तारीख म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. आणि 'धंदा मंदा आहे' म्हणणारा त्यांचा बाप परवा अक्कलकोट रोडला नव्या बुलेटवर! कायदा स्पष्ट आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144: आधी वसुलीचं वॉरंट, तरीही थकवली तर प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद. आणि आत जाऊन आला म्हणून बाकी फिटत नाही. पण वॉरंट दरवेळी परत येतं, 'पत्त्यावर मिळून आला नाही'. अहो, रोज संध्याकाळी चौकात उभा असतो तो! वर वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत करायची धावपळही तिनंच करायची. पोरीची फी कुणी थांबवून ठेवतं का?