टारा

माझ्या मुलीचं नाव टारा आहे. मी तारा ठेवलं होतं. परवा हातात पडलेल्या जन्मदाखल्यावर इंग्रजी स्पेलिंग बरोबर आहे आणि त्याच्या शेजारी मराठीत, सरकारी शिक्क्यानिशी, टारा. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "संगणक करतो ते, आम्ही नाही." जणू संगणक म्हणजे त्यांच्या सासरचा कोणी हेकट चुलता, त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

मुलगी झाली २६ डिसेंबरला, रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी. त्या दहा मिनिटांनी दोन महिने घर पेटवलं. आम्ही नगरकडचे प्रोटेस्टंट, बायको वसईची कॅथलिक. नाताळचं बाळ म्हणून नाताळचं नाव, इथवर एकमत होतं. सासूबाईंनी कॅलेंडर काढलं. २६ म्हणजे संत स्तेफनचा सण, तेव्हा स्टेफनी. आत्याला मरीयाच हवं. आमच्या घराण्यात मरीया आधीच तीन आहेत, एकीला हाक मारली की तिघी ओ देतात. मेव्हण्याने नताशा सुचवलं. रशियन नाव म्हणून मी ते हाणून पाडणार होतो, तर कळलं की नताशा हे नतालियाचं लाडाचं रूप. आणि ज्या लॅटिन शब्दापासून नतालिया, त्याच शब्दापासून पोर्तुगीजांच्या हातून आपल्याकडे 'नाताळ' आला. म्हणजे नताशा ही चक्क नाताळी! मी हरखलो. आत्या म्हणाली, "नाताळी म्हणे! उद्या शिमग्याला झाली असती तर?"

शेवटी मी तारा काढलं. बाळ येशूला शोधत निघालेल्या मागी लोकांना, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांना, बेथलेहेमची वाट दाखवणारा तारा. तोवर सगळे दमले होते, हो म्हणाले.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत झालीच होती. नाव मागाहून घालता येतं, १२ महिन्यांपर्यंत फुकट आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. कायदा करणाऱ्यांना आमचं घर माहीत असावं.

जन्म आणि मृत्यू एकाच खिडकीवर. माझ्यापुढे साठीचे एक गृहस्थ, हातात दुधाच्या रंगाची पिशवी, पिशवीत कागद.

"जन्म की मयत?" त्यांनी विचारलं.

"जन्म."

"नशीबवान. आमचं मयत. मामा." त्यांनी दाखला काढून माझ्या नाकासमोर धरला. "वाचा. 'दगडु'. डु ऱ्हस्व. विमावाले म्हणतात पॉलिसीत डू दीर्घ आहे, हा माणूस निराळा. एवढ्याशा वेलांटीसाठी तिसरी खेप माझी."

वेलांटी नव्हे, उकार, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण माणूस दुःखात होता.

मग दगडूमामांचं चरित्र सुरू झालं. आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आजीने याचं नाव दगडू ठेवलं. "यम काय दगड उचलून नेणार? एक्याण्णव वर्षं फिरकला नाही! शेवटी मामाच कंटाळला." बोलता बोलता रांग दोन माणसं पुढे सरकली, मामा मात्र अजून चौथीतच होते. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "तुमचं काय ठेवलं?"

"तारा."

"वा! ताराराणी! १७०० साली राजाराम महाराज गेले, पंचविशीतली बाई, औरंगजेबाला पुरून उरली!" मागचे दोघं माना डोलवू लागले. मीही उगाच छाती काढली. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या अर्जावर पडली. आडनाव आमचं कुठल्याही पाटलाच्या वाड्यावर शोभेल असं, पण आईच्या रकान्यात फिलोमिना.

"ख्रिश्चन का तुम्ही?"

"हो."

"मग तारा कसं?"

"नाताळचा तारा असतो ना, तो."

"छे हो, ते आमच्यातलं नाव. तुमच्यात किती छान छान असतात. रोझी, डॉली..."

"घरचे नताशा म्हणत होते."

"नको. परकं वाटतं."

मी गप्प. त्यांना ते सोसवेना. "आणखी काय होतं?" मी स्टेफनी सांगितलं. स्तेफन कोण, तर ज्याला लोकांनी दगड मारून ठार केलं तो.

"दगड?" त्यांनी हातातल्या दाखल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे तुमच्यातला दगडूच की!" आणि इतके खूश झाले की माझ्या पाठीवर थाप मारली. "अहो, पण मुलीचं नाव ना? एवढं कशाला डोकं शिणवायचं? लग्नात बदलायचंच आहे." वर, जाता जाता, "पण मराठी फार छान बोलता हो तुम्ही."

हे मी बालवाडीपासून ऐकतोय. शाळेत ऐकलं, बँकेत ऐकलं, भाड्याने घर बघताना तर ऐकलंच, आणि घर मिळालं नाही. आमच्या पाच पिढ्यांनी नगरच्या मराठीत भांडणं केली, प्रार्थना केल्या, उधाऱ्या मागितल्या. आणि शाबासकी अजून चालूच. सगळे कौतुकाने म्हणतात, म्हणून भांडताही येत नाही. अहो, फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रजाने १६१६ साली मराठीत ख्रिस्तपुराण छापलं, त्यात मराठीला खड्यांमधलं रत्न म्हटलं. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा चौदा वर्षं अवकाश होता! पण हे सगळं मला नंतर बसस्टॉपवर सुचलं. रांगेत मी म्हणालो, "थँक्यू." तेही इंग्रजीत.

तर परवा ही टारा घरी आली. सासूबाई म्हणाल्या, स्टेफनीचं असं झालं नसतं. दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र लागतं. ते करून काल पुन्हा त्या खिडकीवर गेलो, तर पुढे तीच पिशवी.

"डू दीर्घ झाला का?"

"झाला," ते खिन्नपणे म्हणाले. "पण द चा ड झाला. डगडू." मग माझा कागद हातात घेऊन त्यांनी लांब धरून वाचला.

"टारा," ते म्हणाले. "हे आता तुमच्यातलं वाटतं."