आवाज बंद करून पाहिलेला माहितीपट

परवा एक राजकीय माहितीपट दुसऱ्यांदा पाहिला, या वेळी आवाज पूर्ण बंद करून. पहिल्यांदा पाहताना एका ठिकाणी डोळ्यांत पाणी आलं होतं. एक बाई फोटोची काच अंगठ्याने पुसत असते, बस्स. आवाज नव्हता तेव्हा ती खरंच नुसती काच पुसत होती. मग रिमोट उचलला, आवाज चालू केला, ते हळू व्हायोलिन आलं आणि माझा घसा पुन्हा दाटला. सगळं माहीत असूनही! स्वतःचाच राग आला.

माहितीपट फसवतात ते खोटे आकडे देऊन, असं आपण धरून चालतो. मला तसं वाटत नाही. आकडे कुणीही तपासू शकतो, त्यामुळे तिथे बनवणारे जपून असतात. खरी करामत असते दोन दृश्यांच्या सांध्यात. शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव्ह या चित्रपट दिग्दर्शकाने केलेला प्रयोग सांगतात तो हाच. एका नटाचा निर्विकार चेहरा, तोच तुकडा, एकदा सूपच्या ताटलीला जोडला, एकदा शवपेटीला. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी दुःख, आणि वर त्यांनी अभिनयाची तारीफही केली म्हणे.

आता अमेरिकी दिग्दर्शक मायकल मूरचा २००४ चा 'फॅरनहाइट ९/११' हा माहितीपट घ्या. ११ सप्टेंबर २००१ ची सकाळ, फ्लोरिडातल्या शाळेचा वर्ग. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर दुसरं विमान धडकल्याचं अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या कानात सांगितलं जातं आणि ते जवळजवळ सात मिनिटं तिथेच बसून राहतात. यातलं काहीच खोटं नाही. पण त्या कोऱ्या चेहऱ्यावर मूर आपल्या आवाजात, याच्या मनात आत्ता काय चाललं असेल याचे तिरकस अंदाज बांधत राहतो. बुश यांनी पुढे या हल्ल्याच्या चौकशी आयोगाला सांगितलं होतं की, अशा वेळी आपण शांत दिसावं असं त्यांना वाटलं. मूरचं निवेदन काढून त्याच चेहऱ्याखाली हे वाक्य लावून पाहा. माणूस बदलतो.

आणि खरं सांगू? तो प्रसंग पाहताना मी खूश झालो होतो. बुश मला आवडत नव्हते ना! हा माणूस गोंधळलाय, हा निष्कर्ष माझा मीच काढला असं वाटत होतं. तयार करून हातात ठेवलेला होता, हे लक्षातच आलं नाही.

हॉलिवूडचा दिग्दर्शक फ्रँक काप्रा याने तर दुसऱ्या महायुद्धात कमालच केली. जर्मन दिग्दर्शिका लेनी रिफेनश्टालने नाझींच्या १९३४ च्या न्यूरेंबर्ग मेळाव्यावर केलेल्या प्रचारपटातलीच दृश्यं उचलली आणि 'व्हाय वी फाइट' या अमेरिकी सैनिकांसाठीच्या मालिकेत वापरली. तेच बूट, तेच झेंडे, तीच गर्दी. तिथे छाती फुगायची, इथे अंगावर काटा.

म्हणजे हे सगळं पाप आहे का? नाही हो. एरॉल मॉरिसने १९८८ च्या 'द थिन ब्लू लाइन' या माहितीपटात नटांकडून पुन्हा घडवून घेतलेले प्रसंग वापरले, संगीतकार फिलिप ग्लासचं संगीत वापरलं, आणि खुनाच्या खोट्या आरोपाखाली बारा वर्षं तुरुंगात असलेला माणूस पुढच्याच वर्षी सुटला. हत्यारं तीच. त्यामुळे 'निष्पक्ष माहितीपट सुचवा' असं कुणी विचारलं की मला काही सुचत नाही. कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरलं, तिथेच बाजू ठरली.

माझ्या त्या माहितीपटाचं राहिलंच. त्यात एक अधिकारी आहे, आपल्याला ज्याचा राग यावा असा. खालून घेतलेला कोन, वर पांढराफटक उजेड. पहिल्या वेळी वाटलं होतं, याच्याकडे उत्तरच नाही, गप्प बसला. आवाज बंद होता म्हणून या वेळी नजर तोंडावर गेली. कट पडला तेव्हा ते उघडं होतं. तो पुढचा शब्द बोलायला निघाला होता.