नोंदणीआधी करार वाचा

समाजमाध्यमांवर कुणाची कविता निनावी फिरू लागली की महाराष्ट्रातल्या चर्चेत एक सल्ला हमखास ऐकू येतो: आधी कॉपीराइटची नोंदणी करून ठेवायला हवी होती. मी अमेरिकेत राहून लिहितो. इथल्या लेखकासाठी हा सल्ला जितका खरा आहे तितका तिकडच्या लेखकासाठी नाही, असे माझे मत आहे.

दोन्ही देशांत कविता कागदावर उतरताच तिचा कॉपीराइट कवीचा होतो. मात्र अमेरिकेत प्रथम प्रकाशित झालेल्या साहित्याची नोंदणी झाल्याशिवाय दावाच दाखल करता येत नाही. नुसत्या अर्जाने भागत नाही, हे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणी ऐच्छिक आहे. प्रमाणपत्र सकृद्दर्शनी पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण हक्क त्यातून जन्मत नाही. निनावी फिरणाऱ्या त्या कवितेला खरा आधार याच कायद्याच्या कलम ५७ चा आहे: हक्क विकून टाकले तरी ही कविता आपली आहे हे सांगण्याचा अधिकार कवीकडेच राहतो. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात असा अधिकार काही दृश्यकलाकृतींपुरताच आहे.

मराठी लेखकाचे नुकसान चोरीपेक्षा त्याच्या स्वतःच्या सहीने अधिक होते, असे मला वाटते. एका कथाकार मित्राने पाठवलेले करारपत्र जेमतेम पानभर होते. ‘सदर पुस्तकाचे हक्क प्रकाशकाकडे राहतील’ एवढे वाक्य आणि खाली दोन सह्या. मुदत नाही, प्रदेश नाही. हक्क कायमचे गेले असे तो धरून चालला होता. वास्तविक भारतीय कायद्याच्या कलम १९ नुसार मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचे मानले जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते. अमेरिकेत दिलेला हक्क कायद्याच्या बळावर परत घ्यायचा तर साधारण ३५ वर्षे थांबावे लागते. लेखकाला इतके झुकते माप देणारी तरतूद आपल्याकडे असताना तिची चर्चा होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून साहित्यसंस्थांनी ही दोन कलमे सोप्या मराठीत लेखकांच्या हाती द्यावीत आणि मुदत, प्रदेश, माध्यम व मानधन सहीपूर्वीच लिहून घेण्याचा आग्रह धरावा. ज्यांचे पुस्तक अमेरिकेतही विकले जाते त्यांनी मात्र प्रकाशनानंतर तीन महिन्यांच्या आत इथली नोंदणी करावी. ती मुदत टळली आणि नोंदणीआधीच कुणी मजकूर उचलला, तर कायद्याने ठरवलेली भरपाई आणि वकिलाचा खर्च भारतीय लेखकालाही मागता येत नाही.