वायरमन काकांना उत्तर: डायोड, फ्यूज आणि माझं एक आगाऊ वाक्य

नमस्कार. सही नुसती ‘एक जुना वायरमन’ अशी आहे, म्हणून काका म्हणतो. काट्याचं मल्टिमीटर जास्त व्होल्टेजपासून कसं वाचवावं, या माझ्या लेखावर तुम्ही तीन गोष्टी सुनावल्यात. काटा हलवणाऱ्या कॉइलला उलटसुलट जोडलेले दोन 4007 डायोड (ठरावीक व्होल्टला उघडून जादा करंट स्वतःतून वळवणारे) शोभेचे आहेत, कारण कॉइलला पूर्ण काट्यासाठी 0.1 व्होल्ट पुरतात आणि डायोड उघडतो 0.7 ला, तोवर सातपट करंट जाऊन चुकतो. दुसरं, फ्यूज धड असला की बाकी काही लागत नाही. तिसरं, असल्या कुबड्यांनी पोरं निष्काळजी होतात. आणि वर ‘शॉटकी लावून बघ, मग लिही’. शॉटकी म्हणजे कमी व्होल्टला उघडणारा डायोड. लावून बघितला. उत्तराला चार दिवस लागले ते त्यामुळेच.

सातपटीचा हिशोब बरोबर आहे. पण कॉइल मरते ती तापून. आपली कॉइल 50 मायक्रोअँपिअरची, 2,000 ओहमची. काटा पूर्ण गेला तरी तिच्यात 5 मायक्रोवॉट खर्च होतात. तिच्यावर 0.7 व्होल्ट आले तर साधारण 245 मायक्रोवॉट. मोठ्या करंटला डायोड 1 व्होल्टपर्यंत चढतो असं धरा, तरी अर्धा मिलिवॉट. एवढ्यानं कॉइल कोमटसुद्धा होत नाही. डायोड नसताना लाइनचे 230 व्होल्ट थेट तिच्यावर आले, तर 26 वॉट! केसाएवढ्या तारेत. अर्थात डायोडच्या आधी करंट अडवणारा रेझिस्टर हवाच, नाहीतर आधी डायोडच उडेल.

काट्याची हमी मात्र मी देत नाही. डीसीवर सातपट जोरानं तो कडेला आपटला तर वाकू शकतो. माझ्याकडच्या एका मीटरच्या काट्याला असा बाक आहे, शून्यावर आणला तरी टोक जरा उजवीकडे बघतं. एसीचं दुखणं याहून वाईट. डीसीच्या रेंजवर चुकून मेन्सचा एसी लागला, तर सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे ढकलला जाणारा काटा जागच्या जागी थरथरतो. बघणाऱ्याला वाटतं लाइनच नाही, म्हणून तो प्रोब आणखी दाबून धरतो.

आता तुमचा शॉटकी. 9 व्होल्टची बॅटरी, 180 किलोओहमचा रेझिस्टर आणि पुढे कॉइल, अशी टेबलावर जोडणी केली. काटा पन्नासच्या अगदी जवळ. कॉइलला 4007 ची जोडी लावली, काटा ढिम्म. ती काढून 5819 शॉटकीची जोडी लावली, तर काटा तिशीच्या आसपास येऊन बसला. कारण शॉटकी 0.1 व्होल्टच्या आतच करंट प्यायला लागतो, आणि आपल्याकडे मोजायला आहेतच मुळी 50 मायक्रोअँपिअर. जर्मेनियम डायोडची गत तीच. मीटर वाचेल, पण खोटं बोलेल. खोटं बोलणारं मीटर लाइनवर वापरण्यापेक्षा जळकं परवडलं, ते निदान फसवत तरी नाही.

फ्यूजच्या बाबतीत मी कान पकडतो. ‘डायोड लावले की मीटर जळणार नाही’ असं मी लिहिलं होतं. ‘कॉइल जळणार नाही’ एवढंच लिहायचा मला अधिकार होता. ओहमच्या एक्स-वन, म्हणजे सगळ्यात खालच्या रेंजवर आपलं मीटर आतून जेमतेम 20 ओहमचं असतं. नॉब तिथे विसरून प्रोब प्लगमध्ये घातले की 230 भागिले 20, साडेअकरा अँपिअर, म्हणजे अडीच किलोवॉटच्या वर. साठवणीचा गिझर 2 किलोवॉटचा असतो. इथे तेवढं सगळं शेंगदाण्याएवढ्या रेझिस्टरवर. डायोड बिचारे कॉइलजवळ बसलेले, त्यांना याचा पत्ताही नाही. तिथे फ्यूजच लागतो.

पण कुठला, हे तुम्ही लिहिलं नाहीत. 20 मिलिमीटरचा साधा काचेचा फ्यूज 35 अँपिअरपर्यंतचा करंट सुरक्षित तोडतो, मोठ्या रेटिंगचा असेल तर रेटिंगच्या दहापट. घरच्या प्लगवर शॉर्ट झाला तर करंट शेकड्यांत जातो. तेव्हा काच फुटते आणि आतल्या ठिणगीतून करंट चालूच राहतो. वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज त्याच मापात 1,500 अँपिअरपर्यंत तोडणारा मिळतो. महाग आहे, घ्या. गेल्या महिन्यात दुरुस्तीला आलेल्या एका मीटरमध्ये तर फ्यूजच्या जागी वायरची काडी पिळून बसवली होती. खालची पट्टी कोळशासारखी काळी, आणि वर डायोड ठणठणीत!

राहिली निष्काळजी पोरं. मी काही पोर नाही. तरी गेल्या पावसाळ्यात लाल पिन 10 अँपिअरच्या सॉकेटमध्ये तशीच ठेवून व्होल्टेज बघायला गेलो. स्वस्तातलं पिवळं डिजिटल मीटर, त्या सॉकेटला फ्यूज नाही, आत नुसता जाड तारेचा शंट, म्हणजे करंट मोजायचा अगदी कमी ओहमचा तुकडा. म्हणजे प्रोबनं सरळ शॉर्ट. एमसीबी पडला म्हणून निभावलं. प्रोबच्या टोकाचा मणी झाला तो ड्रॉवरमध्ये जपून ठेवलाय. आता त्या सॉकेटवर बॉलपेनचं टोपण ठोकलंय. आणि काका, तुमच्या पिढीचं ॲव्होमीटर आठवा. काटा जोरात कडेला गेला की कटआउटचं बटण टपकन वर यायचं. ते मीटर तर जाणत्यांच्याच हातात असायचं ना?

लेखातलं ते वाक्य आज बदलतोय, फ्यूजचा मजकूरही घालतो. शेवटी तुम्ही विचारलंत की जुन्या मीटरची कॉइल किती ओहमची ते कसं कळणार. कृपा करून दुसऱ्या काट्याच्या मीटरच्या एक्स-वन रेंजवर मोजू नका. 3 व्होल्टच्या सेलवर त्यातून दीड मिलिअँपिअर जाईल, म्हणजे तुमच्या त्या सातपटीऐवजी तीसपट. वरचीच बॅटरी आणि 180 किलोओहमची जोडणी करा, कॉइलला समांतर 5 किलोओहमचा पॉट (फिरवून ओहम बदलणारा रेझिस्टर) लावा आणि काटा निम्म्यावर येईपर्यंत फिरवा. मग पॉट सोडवून त्याचे ओहम मोजा. तेवढीच कॉइल.