आधी वजन बघा, मग प्रोसेसर

टू-इन-वन, म्हणजे टॅबलेटसारखाही वापरता येणारा लॅपटॉप, कसा निवडावा यावरच्या लेखात प्रोसेसर आणि बॅटरीवर भर दिलाय, तो योग्यच. पण टू-इन-वन घेणाऱ्याने सगळ्यात आधी वजन बघावं असं मला मनापासून वाटतं. पडदा ३६० अंशांत फिरून मागे दुमडणारा १४ इंची लॅपटॉप साधारण १.३ ते १.५ किलोचा असतो. टेबलावर ठीक आहे, पण हातात धरून वाचायला बसलात तर थोड्याच वेळात मनगट भरून येतं. उभ्याने नोंदी घेणं, आडवं पडून वाचणं रोजचं असेल, तर कीबोर्ड सुटा होणारं मॉडेलच घ्या. मात्र ते मांडीवर ठेवून टाइप करून बघा. मागचा स्टँड टेकायला सपाट जागा लागते. (मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रोसारख्या मॉडेलचा कीबोर्ड सहसा वेगळा घ्यावा लागतो, तो खर्च धरूनच तुलना करा.)

१६:९ (लांबी-रुंदीचं प्रमाण) चा पडदा उभा धरला की फार अरुंद होतो. पीडीएफ वाचणाऱ्यांनी ३:२ किंवा १६:१० चाच घ्यावा.

पडद्यावर लिहायच्या पेनबद्दल लेखात एकच ओळ आहे. एमपीपी, वॅकॉम एईएस, यूएसआय ही अशा पेनांची वेगवेगळी तंत्रं आहेत, एकाचं पेन दुसऱ्यावर चालेलच असं नाही. आणि रॅम (कामाची मेमरी) बहुतेकदा मदरबोर्डावरच पक्की असते, नंतर वाढवता येत नाही. शक्य असेल तर सुरुवातीलाच १६ जीबी घ्या.