वॉशिंग्टनच्या तोंडी घातलेलं जेफरसनचं वाक्य

'जॉर्ज वॉशिंग्टनने निरोपाच्या भाषणात बजावलं होतं, गुंतवून टाकणारी युती कुणाशीही करू नका. अमेरिकेने ते पाळलं, आणि तिथल्या पक्षांनी परराष्ट्र धोरणात कधी राजकारण आणलं नाही.' हा मजकूर आपल्याकडच्या पक्षांना टोमणा मारायला हमखास फिरवला जातो.

आधी भाषणाचं. ते भाषण कुणी ऐकलंच नाही. १९ सप्टेंबर १७९६ रोजी ते फिलाडेल्फियातल्या एका वर्तमानपत्रात छापून आलं, आणि मसुद्यावर मोठा हात वॉशिंग्टनचा माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनचा होता. कायमच्या युतींपासून लांब राहा, असं त्यात आहे. पण अडीअडचणीला तात्पुरती युती चालेल, हेही आहे. 'गुंतवून टाकणाऱ्या युती' हे शब्द नंतरचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचे, ४ मार्च १८०१ च्या त्यांच्या शपथविधीच्या भाषणातले. हॅमिल्टन आणि जेफरसन हे विरोधी पक्षांचे नेते, त्यांचं सख्य विळ्याभोपळ्याचं.

'पाळलं' हे बरंचसं खरं. पण वॉशिंग्टनने लिहिलं तेव्हा फ्रान्सशी १७७८ मध्ये केलेली युती चालूच होती. तिच्यातून पुरतं सुटायला १८०० चा तह लागला, तोही दोन वर्षं समुद्रात फ्रान्सशीच लढून.

आता पक्षांचं. तिथे पक्ष बळकट झाले तेच मुळी ब्रिटन की फ्रान्स या भांडणात. वॉशिंग्टनचा दूत जॉन जे याने १७९४ मध्ये ब्रिटनशी तह केला, तर लोकांनी गावोगाव जेचे पुतळे जाळले. (याच तहाने अमेरिकी जहाजांना ब्रिटिशांच्या ताब्यातल्या मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांत व्यापाराची मुभा मिळाली.) सिनेटमध्ये तो २० विरुद्ध १० मतांनी तरला. दोन तृतीयांश लागत होती, एक मत जरी फिरलं असतं तरी तह बुडाला असता. पुढे खर्चाच्या मंजुरीवरून प्रतिनिधिगृहातही झुंज झाली: ५१ विरुद्ध ४८.

१७९८ मध्ये फ्रान्सशी तणाव वाढला तेव्हा सत्तेत असलेल्या फेडरलिस्टांनी, म्हणजे हॅमिल्टनच्या पक्षाने, सरकारवरच्या टीकेलाच गुन्हा ठरवणारा कायदा आणला. व्हरमाँटचा विरोधी खासदार मॅथ्यू लायन त्यात आत गेला, आणि मतदारांनी त्याला तुरुंगातूनच पुन्हा निवडून दिलं.

शेवटी १८१२ चं ब्रिटनविरुद्धचं युद्ध. प्रतिनिधिगृहात ७९ विरुद्ध ४९, सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३. बाजूने पडलेल्या मतांत फेडरलिस्टांचं एकही नव्हतं.